गावाचा फळा, कॅम्पाची तिवई

मित्रांनो, माझा काळा रंग आता ठिकठिकाणी उडाला आहे. काळेवाडीच्या एका खोलीत मला विटांवर आडवा टाकून माझ्यावर पिठाचे डबे मांडले आहेत. घरातल्या माणसांना वाटते, मी एखाद्या मोडक्या खाटेची फळी असेन. त्यांचा तरी काय दोष? पण मी फळा आहे, शाळेचा फळा. माझ्यापायी एकेकाळी एक अख्खे गाव भांडले होते.

त्या गावाचे नाव मी सांगत नाही, कारण भांडणाऱ्यांची नातवंडे अजून तिथे सुखाने नांदत आहेत. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना उभा राहत होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. जुन्या चावडीचे दार निखळले, तेव्हा आबाजी सुतारांनी त्याच्या सागवानी फळ्यांना रंधा मारला, त्या एकसंध जोडल्या आणि काजळीत सरस खलून मला रंग दिला. रंग वाळल्यावर त्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरा झालाय." कमी बोलणारा माणूस होता तो. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

शाळेला खोली एकच, आणि बाईही एकच. त्या कुसुमताई. मूळच्या सावंतवाडीकडच्या, पण इतके शुद्ध मराठी बोलत की गावातल्या बायका त्यांच्यासमोर जपून बोलत. त्यांचे अक्षर टपोरे आणि गोल होते. मुलांनी 'बदक' वाचले की त्या खडू ठेवून हसत, आणि मला वाटे, हे हसणे आपल्यामुळेच आहे.

गावाच्या पलीकडे रेल्वेचे फाटक होते. फाटकापलीकडे लढाईच्या काळातल्या लांबच लांब बराकी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे तिथे राहत. सारे त्या वस्तीला कॅम्प म्हणत. कॅम्पातल्या मुलांना शिकायला छप्पर नव्हते, म्हणून दुपारी आमची खोली त्यांना द्यायचे ठरले. पहिल्या दुपारी टहलराम मास्तर आले. डोक्यावर काळी टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी खडू माझ्या उजव्या कडेला टेकवला आणि ते डावीकडे लिहीत निघाले. मित्रांनो, मला गुदगुल्याच झाल्या! तोवर कोणी माझ्यावर त्या बाजूने चाललेच नव्हते.

कुसुमताईंना मात्र हे सुरुवातीला रुचले नाही. सकाळी अर्धे सोडवलेले गणित दुपारी पुसले जाई. एकदा त्या चिडून मास्तरांना भेटायला मुद्दाम थांबल्या. दाराशी आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. आत एक चिमुरडी आपल्या भाषेत काहीतरी घडाघडा सांगत होती आणि मास्तर मान डोलावत होते. कुसुमताई लहानपणी शिकायला पुण्याला आल्या, तेव्हा 'कुठे'ऐवजी 'खंय' म्हणाल्या म्हणून त्यांना कोपऱ्यात उभे केले होते. त्या दिवसापासून घरची बोली त्यांनी घरातसुद्धा बोलली नव्हती. हे त्यांनी मास्तरांना त्याच दुपारी सांगितले. भांडायला आल्या होत्या, ते राहूनच गेले.

त्यानंतर माझी डावी बाजू बाईंची आणि उजवी मास्तरांची झाली. माझी भिंतीतली खुंटी उपटून आली, तेव्हा कॅम्पातल्या लोकांनी खोक्यांच्या लाकडाची एक तिवई करून दिली. मी तिच्यावर ऐटीत उभा राहू लागलो.

गावातली आणखी एक बाई कॅम्पाशी जोडलेली होती. मालोजी पाटलांची आई, सगुणाबाई. रोज दुधाची चरवी घेऊन त्या बराकींत जात. पहिल्या दिवशी एका बाईने त्यांच्याकडे 'खीर' मागितली. सगुणाबाई घरी येऊन सुनेला म्हणाल्या, "अगं, निर्वासित म्हंत्यात आन् रोज खीर खात्यात!" पुढे कळले, त्यांच्यात दुधालाच खीर म्हणतात. ही हकिकत त्या गावभर हसत हसत सांगत.

मालोजी पाटील मात्र हसत नसत. बराकींच्या जागी पूर्वी त्यांच्या गुरांचे कुरण होते. लढाईत ते सरकारने घेतले, आणि लढाई संपल्यावर परत मिळेल म्हणून ते वाट पाहत राहिले. तिथे माणसे येऊन राहिली. पाटील वाईट नव्हते, पण मनातला सल माणसाला कुठे कुठे नेतो. एके दिवशी शाळेवरून जाताना त्यांनी माझ्यावरची सिंधी अक्षरे पाहिली आणि ते थबकले.

बाजाराच्या दिवशी शाळेच्या अंगणात सभा भरली. मला तिवईसकट बाहेर आणून उभे केले, जणू मीच गुन्हेगार.

पाटील म्हणाले, "ही मुसलमानी अक्षरं हायती. आमच्या शाळंत नगंत."

"आम्ही हिंदू आहोत, पाटीलसाब," टहलराम मास्तर म्हणाले. "सिंधी भाषा अशीच लिहितात."

कुसुमताई उठल्या. "आणि समजा ते मुसलमान असते, पाटील, तर? त्यांच्या लेकरांना शिकवायचं नाही का?"

तेवढ्यात बायकांतून सगुणाबाई बोलल्या, "मालू, पिराच्या दारावर बी अशीच अक्षरं हायती की. तितं तू डोकं टेकतूस."

"पीर आपला हाय, आये," पाटील म्हणाले. "ही मान्सं आपली न्हाईत."

सभेला कॅम्पातली तरुण मंडळीही आली होती. त्यांच्यातलाच एक जण मास्तरांना म्हणाला, "मास्तर, तुम्ही पण हट्ट सोडा. या देशात राहायचं तर देवनागरी घ्या, भांडण मिटेल." मला वाटले, मास्तर आता रागावतील. पण ते टोपी काढून हातात घेऊन उभे राहिले आणि आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले, "नागरी मी पण शिकतो. बाईच शिकवतात. पण गाव सुटला, घर सुटला. ही अक्षरं तेवढी बरोबर आली. ही पण टाकू?"

हात वर करून निकाल झाला. कॅम्पाचा वर्ग खोलीत भरणार नाही. मग मास्तरांनी निदान फळा तरी मागितला, बराकीत शिकवायला. "फळा गावाचा हाय," कोणी ओरडले. "मग तिवई कॅम्पाची आहे," दुसऱ्या बाजूने आवाज आला. शेवटी एका पंचाने तोड काढली, की मला मधोमध कापावे आणि अर्धा अर्धा वाटून घ्यावे. आबाजी सुतारांना करवतीसकट बोलावले गेले.

मित्रांनो, ती करवत मी ओळखत होतो. तिनेच मला आकार दिला होता. आबाजींनी ती माझ्या कडेला टेकवली. त्यांचा हात पुढे सरकेना.

"थांबा," टहलराम मास्तर म्हणाले. ते जवळ आले आणि त्यांनी करवत हलकेच बाजूला केली. "एक बटवारा पाहिला. दुसरा नाही पाहायचा. पुरा फळा तुम्ही ठेवा." मग माझ्या तिवईकडे पाहून म्हणाले, "ही पण राहू द्या. नाहीतर फळा पडेल."

आपल्या मुलांना घेऊन ते फाटकाकडे निघून गेले. मी गावात राहिलो, पुरा आणि शाबूत, पण जिंकल्यासारखे मला मुळीच वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा सुटली, तरी कुसुमताई निघाल्या नाहीत. माझ्याकडे पाहत बसल्या. मग मोठ्या मुलांना म्हणाल्या, "वर्ग खोलीत भरायचा नाही, असं ठरलंय. फळा बाहेर न्यायचा नाही, असं काही ठरलेलं नाही. धरा रे एकेक कोपरा."

अशी माझी रोजची भटकंती सुरू झाली. दुपारी गावची मुले मला कॅम्पात पोहोचवत आणि संध्याकाळी कॅम्पातली मुले परत आणत. तिवई मागून येई. जाताना माझ्यावर मराठी कविता असे, येताना सिंधी. चावडीवरची माणसे तोंड फिरवत, पण वळून पाहतही. वाटेत फाटक बंद असले की दोन्हीकडची पोरे एकमेकांना वेडावून दाखवत, आणि त्यातूनच त्यांची ओळख झाली. मला इतके मोकळे वारे कधी लागले नव्हते.

पण तक्रार वर गेली. हुकूम आला, की शाळेच्या मुलांना ओझी वाहायला लावू नयेत. पुन्हा तसे घडल्यास बाईंच्या नोकरीचा विचार करावा लागेल. कुसुमताईंनी तो मुलांना वाचून दाखवला आणि सगळ्यांना घरी पाठवले. खोलीत त्या आणि मी, दोघेच उरलो. बराच वेळ त्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. घरी म्हातारे वडील, त्यांचा सगळा भार बाईंवर. मला वाटले, संपले.

मग त्या उठल्या. पदर खोचला, चुंबळ केली आणि मला डोक्यावर घेतले.

मित्रांनो, मी हलका नाही. गावातून एक शिकलेली बाई शाळेचा फळा डोक्यावर घेऊन निघाली, हे लोकांनी कधी पाहिले नव्हते. कोणी हसले, कोणी दार लावून घेतले. फाटकाआधीच्या चढावर वारा सुटला. मी शिडासारखा वाऱ्याने ओढला गेलो, बाईंचा तोल गेला आणि आम्ही दोघेही खडीवर कोसळलो. माझा एक कोपरा उडाला. त्यांच्या कोपरातून रक्त आले.

सगुणाबाई रिकामी चरवी घेऊन कॅम्पातून परतत होत्या. त्यांनी चरवी रस्त्यातच ठेवली. "बाय माझी, लागलं का गं?" म्हणत त्यांनी बाईंना उठवले आणि मग वाकून माझे एक टोक धरले.

"आजी, तुम्ही नको," कुसुमताई म्हणाल्या.

"का? मला काय हात न्हाईत व्हय?"

बैलगाडीतून मालोजी पाटील येत होते. त्यांनी पाहिले, आपली थकलेली आई रस्त्यात फळा ओढते आहे. ते गाडीतून उडी मारूनच आले. "आये, सोड त्यो! लोकं बगत्यात!"

"बगू देत. तुला लाज वाटती तर तू उचल."

एकदा पाटलांनी बाईंच्या कोपराकडे पाहिले, एकदा माझ्या उडालेल्या कोपऱ्याकडे. शेवटी त्यांनी मला उचलून आपल्या पटक्यावर ठेवले. ज्या पटक्याला गाव रामराम घालत असे, त्यावर मी! ते ताठ चालले. फाटकाशी पोहोचल्यावर त्यांनी मला उतरवले.

"हितपतुर," ते म्हणाले. "फुडं तुमचं तुमी."

पलीकडून टहलराम मास्तर धावत आले आणि त्यांनी मला घेतले.

संध्याकाळी मास्तर मला घेऊन फाटकाशी आले, तो पाटील तिथे उभे. आईने धाडले होते. दोघांमध्ये मी. माझ्यावर दुपारची अक्षरे तशीच होती. आगगाडी जायची होती, फाटक बंद होते, दोघांनाही थांबणे भाग होते. पाटलांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि शेवटी माझ्याकडे बोट केले.

"काय लिवलंय ह्ये?"

"पाणी," मास्तर म्हणाले.

"पाणी-बिणी नगं मला. ह्ये काय लिवलंय, त्ये इचारतुय."

"तेच लिहिलंय. पाणी."

पाटलांनी मान वाकडी करून माझ्याकडे पाहिले. "म्हंजी तुमी बी पाण्याला पाणीच म्हंता?"

"हां. हिंदीवाले पानी म्हणतात. आम्ही पाणी."

पाटलांनी स्वतःशीच एकदा 'पाणी' म्हणून पाहिले, जणू तो शब्द त्यांनी आजच ऐकला होता. मग त्यांचे बोट खालच्या ओळीवर गेले. "आन् ह्ये?"

"घर," मास्तर म्हणाले.

आगगाडी आली, धडधडत निघून गेली. फाटक उघडले, तरी दोघे जागचे हलले नाहीत. मग पाटलांनी मला उचलले, पटक्यावर ठेवायला गेले आणि थांबले. मला उलटे केले, लिहिलेली बाजू वर आभाळाकडे राहील अशी, आणि सांभाळून घरी नेले. त्या संध्याकाळी एकही अक्षर पुसले गेले नाही.

सभेचा निकाल पुढे कधी बदलला नाही. पण कॅम्पाला स्वतःची शाळा मिळेपर्यंत पाटलांचा गडी मला रोज फाटकापर्यंत सोडत राहिला, आणि बाईंच्या नोकरीचा विचारही कोणी पुन्हा काढला नाही. चावडीवर कोणी छेडलेच, तर पाटील एवढेच म्हणत, "त्ये उजवीकडनं लिवत्यात, यवढंच हाय."

म्हणून सांगतो, मित्रांनो, मी पुसण्यासाठीच जन्मलो आहे. पुसण्याचे मला दुःख नाही. पण जे अक्षर तुम्हांला वाचता येत नाही, त्याच्यावरून ओले फडके फिरवण्याआधी ते लिहिणाऱ्याला एकदा विचारा. कदाचित त्याने 'घर' लिहिले असेल.