व्याह्यांच्या हद्दीवरची पाटी

दोष तुमचा आहे. तुम्ही म्हणजे उंच पायऱ्यांच्या घरात, मोठ्या टेबलामागे बसणारे. काही वर्षांनी तुमचा चेहरा बदलतो, पक्ष बदलतो, टेबल तेच राहतं. त्या टेबलामागून तुम्ही कुठल्यातरी लांबच्या देशाकडे बोट दाखवता, आणि इकडे माझ्या गावातली भली माणसं आपलं मत पायमोज्यासारखं उलटं करून घालतात. तुम्हाला हे ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणूनच तुमचं बोट इतक्या सहज उठतं.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. पाटीला मान खाली घालता येत नाही, म्हणून सरळ बोलते.

अमेरिकेत, ओहायोतल्या एका नदीकाठी मी ओकचं झाड होते. ते दिवस मला आता स्वप्नासारखे आठवतात. नदीवरून धुकं यायचं, माझ्या कमरेपर्यंत चढायचं, आणि मला वाटायचं, मी पाण्यातच उगवले आहे. मग मला कापलं. मी कोठाराचा दरवाजा झाले. गवताच्या वासात गायींचे उसासे ऐकत कित्येक हिवाळे काढले. एका वादळात कोठार पडलं. त्याचा मालक वेंडेल क्राउझ, त्याने मला करवतीने चौकोनी केलं, दोन पाय ठोकले आणि रस्त्याच्या कडेला रोवलं.

जिथे रोवलं ती जागा महत्त्वाची. वेंडेलचं अंगण संपतं आणि लॉरेन टिबेट्सचं सुरू होतं, त्या हद्दीवर मी उभी आहे. वेंडेलचा मुलगा आणि लॉरेनची मुलगी यांचं लग्न झालेलं. म्हणजे हे दोघं शेजारी आणि वर व्याही. माझं एक तोंड चर्चकडून येणाऱ्या गाड्यांना दिसतं, ते वेंडेलचं. दुसरं धान्याच्या कोठीकडून येणाऱ्यांना दिसतं, ते लॉरेनचं. पहिली काही वर्षं माझ्या दोन्ही तोंडांवर एकच मजकूर होता : गोड मका मिळेल. लोक गाडी थांबवायचे, मका घ्यायचे, मला थोपटायचे. "काय सुंदर लाकूड आहे!" म्हणायचे. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस.

वेंडेल आणि लॉरेन यांची एकच नात. टेस. तिचे आईवडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, म्हणून ती या दोन अंगणांतच वाढली. सकाळी एका घरी अंडी, संध्याकाळी दुसऱ्या घरी सूप. मोठी झाली आणि सैन्यात गेली, जखमींना उचलून आणायच्या कामावर.

मग पहिलं युद्ध आलं. त्या वेळी टेबलामागे वेंडेलच्या पक्षाचा माणूस होता. वेंडेलने पत्रा कापून अक्षरांची स्टेन्सिल बनवली आणि आपल्या बाजूला रंगवलं : देशाच्या पाठीशी उभे राहा. लॉरेनने तिच्या बाजूला स्वतः कापलेल्या पत्र्याने रंगवलं : मुलांना घरी आणा.

"विहीणबाई, नात तिकडे लढतेय आणि तुम्ही तिच्या पाठीत सुरी खुपसताय," वेंडेल म्हणाला.

"सुरी नाही हो व्याही, ब्रश आहे. चष्मा लावा."

"कायदा मोडणाऱ्या देशाला धडा शिकवायलाच हवा."

"शिकवा की. तुमचा गुडघा बरा आहे ना? तुम्हीच जा."

भांडायचे, पण लॉरेनचा सफरचंदाचा केक कुंपणावरून जायचा आणि वेंडेलची शिडी कुंपणावरून यायची. आमच्या गल्लीत मागितलेली वस्तू नाकारत नाहीत. रीतच आहे तशी.

टेस परत आली तेव्हा माझ्या पायाशी बसली आणि बूट झटकले. त्या परक्या देशाची वाळू माझ्या पायाशी सांडली. त्यानंतर मला स्वप्नं पडू लागली. पाटीलाही पडतात. धुकं वाळूचं व्हायचं, त्यात एक दरवाजा उभा दिसायचा, माझ्यासारखाच, भिंत नसलेला. त्याच्यामागून कोणीतरी हाक मारायचं. भाषा मला कळत नव्हती. हाक कळत होती.

टेबलामागचा माणूस बदलला. आता लॉरेनच्या पक्षाचा आला. आणि त्यानेही बोट दाखवलं. दुसरा देश, पुन्हा विमानं, पुन्हा टेस.

मला वाटलं, लॉरेन आपली अक्षरं फक्त नव्याने गिरवील. तिने माझ्या तोंडावर पांढरा रंग फासला. पलीकडे वेंडेलनेही फासला. मग वेंडेल कुंपणाशी आला, जरा खाकरला.

"विहीणबाई, ती तुमची अक्षरं रिकामी आहेत का? मुलांना घरी आणा, ती."

"आहेत. मला आता लागणार नाहीत." लॉरेनने त्याच्या शेडकडे पाहिलं. "तुमची ती, देशाच्या पाठीशी..."

"न्या ना. शेडमध्ये खिळ्याला टांगलीत."

मागितलेली वस्तू नाकारत नाहीत. दोघांनी पत्रे बदलले, वर केकचा तुकडाही खाल्ला. कोणालाच हसू आलं नाही. रागही आला नाही. तेव्हा माझ्या लाकडात काहीतरी तडकलं, मित्रांनो.

"दुसऱ्यांच्या भांडणात आपली पोरं कशाला?" आता वेंडेल म्हणायचा.

"व्याही, तिकडे निरपराध माणसं मरतायत. ही वेळ वेगळी आहे," आता लॉरेन म्हणायची.

पोस्टमन इर्विन पत्रं टाकायला आला आणि रस्त्यातच थबकला. "वेंडेल, पाटी फिरवून लावलीस काय?"

"पाटी जागच्या जागी आहे."

"असं होय," इर्विन म्हणाला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. गावात त्या वर्षी अशा पाट्या गल्लोगल्ली होत्या. मी एकटी नव्हते. हेच तर माझं दुःख आहे.

दोघांनीही रंग स्वस्तातला घेतला होता. ऊन असलं की माझा नवा मजकूर झळकायचा. धुक्यात भिजले की खालचा जुना मजकूर वर यायचा, बुडालेलं माणूस पाण्याखालून वर यावं तसा. मग माझ्या प्रत्येक तोंडावर दोन्ही वाक्यं एकावर एक दिसायची. ओल्या सकाळी मी खरं बोलायचे. दहा वाजता ऊन आलं की माझं तोंड पुन्हा बंद.

दुसऱ्या युद्धावरून टेस आली तेव्हा तिच्या डाव्या कानाला ऐकू येत नव्हतं. तिने पुन्हा माझ्यापाशी बूट झटकले. पहिली वाळू आणि दुसरी वाळू माझ्या पायाशी मिसळली. मला फरक कळला नाही.

त्यानंतर बराच काळ माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. वेलींनी पाय धरले, मुंग्यांनी एक कोपरा पोखरला. मी झोपेत नदी ऐकत राहिले.

मग पुन्हा निवडणूक आली. मतदानाच्या दिवशी दुपारी टेस सुट्टीवर घरीच होती. वर्तमानपत्रात तिसऱ्याच एका देशाचं नाव होतं. दोन्ही उमेदवारांनी सांगून टाकलं होतं की निवडून आलो तर सैन्य पाठवू. टेसची नोकरीची मुदत संपत आली होती. पुढची सही करायची की घरी यायचं, हे तिला दुसऱ्या दिवशी छावणीत सांगायचं होतं. तिने रंगाचा डबा आणला, दोन्ही पत्रे माझ्या पायाशी ठेवले आणि दोघांना बाहेर बोलावलं.

"आजोबा, आजी, तुम्ही मला वाढवलंत. म्हणून तुम्हालाच विचारते. हे युद्ध बरोबर आहे की चूक? लिहा पाटीवर. दोघांनी जा म्हटलंत तर जाईन. नको म्हटलंत तर राहीन."

"अगं, असं काय एकदम..." वेंडेल म्हणाला.

"एकदम कुठे? देश ठरलाय. कारण छापून आलंय. जाणारी माणसं तीच आहेत, मी धरून. आणखी काय कळायचं राहिलंय?"

वेंडेलने ब्रश उचलला. एका पत्र्याकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. ब्रशवरून रंग गवतावर टपकत राहिला. शेवटी तो म्हणाला, "जरा निकाल तर लागू दे, पोरी."

टेसने उजवा कान लॉरेनकडे केला. "आजी?"

इतक्या वर्षांत लॉरेन व्याह्यांच्या बाजूने एकदाही बोलली नव्हती. ती हळूच म्हणाली, "व्याही म्हणतात ते बरोबर आहे. उद्यापर्यंत थांबू या."

टेस हसली. आधी खरंच हसली, पोट धरून. मग हसू विरलं.

"तिकडे आम्ही कोणाला उचलताना विचारत नाही, तुझं मत कोणाला," ती म्हणाली. "मी तिकडेच बरी."

सूर्य मावळायच्या आत ती बसने गेली. सही करायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल लागलेला होता. दोघं दोन्हीकडून आले, या वेळी कोणता पत्रा आपला हे दोघांनाही नीट ठाऊक होतं. धुकं दाट होतं. माझ्या दोन्ही तोंडांवर जुनी अक्षरं एकात एक गुंतून वर आली होती. वेंडेलने खाली वाकून पत्रा उचलला, तेव्हा त्याच्या बोटांना वाळू लागली. तो तसाच उकिडवा बसून राहिला. लॉरेन त्याच्याशेजारी गवतात बसली. त्या दिवशी कोणी काही रंगवलं नाही.

मित्रांनो, मी अजून हद्दीवरच आहे. माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. लाकूड कुजायचंच. काळजी घ्या ती त्या एका वाक्याची, जे तुम्ही दुसऱ्याचं लेकरू लढायला पाठवताना बोलता. ते वाक्य, टेबलामागे कोणीही बसलं तरी तसंच राहील का, हे आधी तपासा.

आणि तुम्ही, टेबलामागचे. आज बसलेले, काल बसलेले, उद्या बसणारे. टेस तिकडे आहे. तिच्या बुटात तिसरी वाळू शिरते आहे. तिने विचारलं तेच मी विचारते. पुढचा निकाल लागायच्या आत, तुमच्या जागी तुमचा विरोधक बसला आहे असं समजून सांगा : हे युद्ध बरोबर आहे की चूक?

मी धुक्यात उभी आहे. दोन्ही तोंडांवर अजून नवं काही रंगवलेलं नाही. उत्तर द्या.