तीन लिटर पाणी

तीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली, पण मधेच थांबवून स्वतः उतरायची वेळ या ड्रायव्हरनं कधी येऊ दिली नाही. ड्युटीआधी पाणीच प्यायचं नाही, की झालं! एखादा प्रवासी चुळबुळला, तर वर त्यालाच झापायचा, "घरून उरकून यायला काय झालं होतं?"

आता मूत्राशयाचा कॅन्सर पसरला होता, आणि याच गड्याला रोज तीन लिटर पाणी प्यायचं होतं.

"दोन औषधं मिळून देतोय," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "त्यातलं एक किडनीला जड जातं. पाणी हवंच. नाहीतर ते औषध बंद करावं लागेल, आणि उरलेल्या एकट्याचा जोर कमी पडेल."

बायको सकाळी बाटल्या भरून ठेवायची. संध्याकाळी रिकाम्या दिसल्या की खूश! कशाचं काय, निम्मं पाणी बेसिनमध्ये जात होतं. प्यायलं की जावं लागे, गेलं की आग आग होई. आणि इथं दवाखान्यात सलाइनचा स्टँड घेऊन जायचं, म्हणजे लेकीच्या वयाच्या सिस्टरला हाक मारायची. मेला असता, पण हाक मारली नसती.

तिसऱ्या खेपेला सुई टोचून झाली आणि डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आल्या. "किडनी बिघडलीय. पाणी पिताय ना?"

त्यानं तोंड उघडायच्या आत बायको बोलली, "थेंब सोडत नाहीत! मी बघते ना."

"मग किडनीच थकलीय. ते औषध आता कायमचं बंद."

तो जागच्या जागी थिजला. हाताला सुई, शेजारी बायको, आणि तिच्या चेहऱ्यावर तो मेला अभिमान. गप्प बसावं तर औषध जातं, बोलावं तर हिचा मान जातो.

"ओतून देत होतो," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "निम्मं."

बाईंनी कपाळाला हात लावला. आज नुसतं सलाइन, दोन दिवसांनी परत तपासणी; मग त्या औषधाचं बघू, म्हणाल्या.

बायकोनं ग्लास भरून त्याच्या तोंडाला लावला. एक झाला, दोन झाले. तिसरा रिकामा होईस्तोवर ती समोरून हलली नाही.

तासाभरानं त्याला लघवीची कळ आली. जुन्या सवयीनं त्यानं दात आवळले. खिडकी बघितली, घड्याळ बघितलं. शेवटी डोळ्यांत पाणी आलं.

"अगं," तो म्हणाला, "उतरायचंय मला."

तिनं उठून स्टँड धरला.