काझुएच्या खिशातून, हळू आवाजात

मी खोडरबर बोलतोय. जरा जवळ या, मोठ्यानं बोलायची सोय नाही. काझुएच्या कोटाच्या खिशात लपलोय मी.

मला वाचता येत नाही बरं का. जन्मभर अक्षरंच खाल्ली, पण ओळख एकाची नाही! हसा, हसा. तुम्ही तरी रोज खाता त्या भाकरीशी कधी बोललात?

जन्म कुठला, आठवत नाही. नागपुरात सीताबर्डीच्या दुकानातून लताताईंनी मला उचललं आणि पर्समध्ये घालून इथं नॉटिंगहॅमला आणलं. ताई इथल्या हॉस्पिटलात नर्स होत्या, आता रिटायर. मी त्यांच्या किचन टेबलावर असायचो. त्यांचे मिस्टर सुखदेवराव पेपरातलं आकड्यांचं कोडं सोडवायचे. मी मुद्दाम तोंड काळं करून बसायचो. ते खोडायला गेले की कागदावर हा मोठा डाग! "अगं लता, हा रबर आहे की डांबर?" मला लई गंमत वाटायची.

मग काझुए आली, आणि गंमत संपली.

काझुए जपानची. इथल्या बुद्धविहारात ताईंशी ओळख झाली. एका केअर होममध्ये म्हाताऱ्या माणसांचं करते. हात असा मऊ, की तिथले आजोबा तिच्याच हातून जेवतात. पण रोज इंग्लिशमध्ये नोंद लिहावी लागते, कोण काय जेवलं, कोणती गोळी दिली. तिथं तिची अशी नोंद लिहायची परीक्षा घेतली, तर कागद कोराच राहिला. मॅनेजर म्हणाली, अजून एकदाच चान्स देते. परत कोरा आला तर नोकरी नाही. आणि नोकरी गेली की व्हिसाही गेला.

ताई शिकवायला बसल्या. म्हणाल्या, "हे 'गोळी देते' काय लिहिलंस? नीट सांग, दिली, की देणार आहेस?"

काझुए रडवेली झाली. "लता-सान, आमच्याकडे देते आणि देईन एकच असतं."

"इथं नाही ना बाळा. रात्रीची नर्स वाचेल, दिलीच नाही असं समजेल, परत देईल. मग?"

त्या दिवसापासून तिला भीती बसली. प्रत्येक शब्दापाशी थांबायची. एक शब्द लिहायचा, लगेच मला उचलायचं, घासायचं. परत तोच लिहायचा, परत घासायचं. चूक कुणाच्या नजरेला पडायच्या आत पुसायची, अशी तिला लहानपणापासूनची सवय. आधी पेन्सिलीनं लिहायचं, खोडायचं, अगदी स्वच्छ झालं की मग पेनानं गिरवायचं. पेनाची पाळी येईस्तोवर वेळ संपायचा. परीक्षेतही हेच झालेलं.

मी आगपेटीएवढा होतो, राव. तीन आठवड्यांत बोटाच्या पेरावर आलो. संपायची भीती वाटायची, खोटं कशाला बोलू? पण एकदा तिनं पानभर लिहिलं. ताईंनी मागून वाचलं, त्यांचा चेहरा फुलला. त्या काही बोलणार, तेवढ्यात हिनं सगळं खोडलं. कागदाला भोक पडलं. तेव्हा कळलं, ही बरोबरचंही मला खाऊ घालते. तेव्हापासून मला माझीच भीती वाटते.

ताई चिडल्याच. "काऊन घाबरून राहिली एवढी? मी तीस वर्षं पेशंटच्या नोंदी लिहिल्या. तिथं खोडायचंच नसतं! चुकलं की एक रेघ मारायची, खाली चूक दिसली पाहिजे. बाजूला सही करायची आणि पुढं लिहायचं. खोडलेल्या कागदावर कोणी भरवसा ठेवत नाही."

"सगळ्यांना दिसेल," काझुए म्हणाली.

"दिसू दे!"

सुखदेवराव म्हणाले, "आधी तिला चहा दे गं, मग ओरड."

आज ती परीक्षा आहे. ताईंनी बजावलं होतं, फक्त पेन न्यायचं. त्या तिचा डबा भरायला वळल्या, आणि काझुएनं मला उचलून हळूच खिशात टाकलं.

आता परीक्षा चालू आहे. पेन चालत होतं. आत्ता थांबलं. आणि हात आला खिशात. माझ्या अंगात नखं रुतली. बर्फासारखा गार हात.

बाई, आयुष्यात सगळ्यांची मस्करी केली, आज मात्र हात जोडतो. हात नाहीत, तरी जोडतो. मला बाहेर काढू नको. पेनाचं माझ्यानं निघणार नाही, नुसता चिखल होईल. आणि कागद फाटला तर तू गेलीस.

बोटं घट्ट झाली.

मग एक बोट सुटलं. दुसरं सुटलं. हात रिकामाच वर गेला.

सर्र. एक रेघ. मग बारीकशी खरखर, ती सही असेल. आणि पेन पुढं चाललं.

अजून बराच वेळ बाकी आहे, मला धडकी भरलीय. हात परत आला तर? खिशाच्या शिवणीला एक भोक आहे. तिला सापडू नये म्हणून त्यातून अस्तरात घुसायला लागलोय मी, अर्धा गेलोसुद्धा. जरा ढकलता का मला?