भरलेला वर्ग

“सर, तो निळा शर्ट! बाप-लेक आहेत. सोडू नका!”

विभागप्रमुखांची हाक आली तसं पत्रकांचा गठ्ठा उगाच सारखा करत बसलेल्या सरांना उठावंच लागलं. कॉलेजच्या फाटकाशी मांडव होता, मांडवात शाखावार टेबलं होती आणि टेबलांमागे भलीभली शिकलेली माणसं गिऱ्हाईक हेरत उभी होती. त्यापेक्षा भाजीबाजार परवडला, तिथे निदान भाजी तरी दाखवतात.

“या, बसा. कॉम्प्युटरच ना?”

“आधी हे सांगा,” निळा शर्टवाला उभ्याउभ्याच म्हणाला, “कॉम्प्युटर इंजिनियरिंग आणि कॉम्प्युटर सायन्स, यात फरक काय?”

“सोपं आहे. इंजिनियर मशीन घडवतो. त्या मशीनला काय जमेल आणि काय जमणार नाही, याचा विचार सायन्सवाला करतो. दोन्ही चांगलंच. मुलाचा ओढा बघायचा.”

“तुझा ओढा कशाकडे रे?” बापाने विचारलं. मुलाने खांदे उडवले. “विचार करून येतो,” असं म्हणून दोघं रस्ता ओलांडून थेट समोरच्या सरकारी कॉलेजात शिरले. तिथे सायन्स होतं, इथे नुसतं इंजिनियरिंग.

“दोन्ही चांगलं?” मागून विभागप्रमुख म्हणाले. “अहो सर, दुकानदारच असं बोलायला लागला तर दुकानाला कुलूप! बाकीच्यांनी आपापल्या वाटणीची मुलं आणली. तुमचीच एक जागा अडलीय. ती भरली नाही तर नव्या वर्षी तुम्हाला ठेवायचं कसं, तुम्हीच सांगा. नात्यात कोणी नाही का?”

“नाही,” सर म्हणाले.

होती. सख्ख्या बहिणीची मुलगी, यंदाच शाळा संपवलेली. पण तिला या मांडवाची पायरी चढू द्यायची नाही, हे सरांनी मनाशी पक्कं केलं होतं. ही पोर एवढीशी होती तेव्हापासून ते तिला कोडी घालत आले होते. कोडं सुटेपर्यंत ती जेवायला उठायची नाही. वायरी, पकड, स्क्रू असलं काही हातात दिलं की मात्र नाक मुरडायची. समोर सायन्सला तिचं नाव लागलं तेव्हा तिच्यापेक्षा जास्त आनंद सरांनाच झाला होता.

“अरे, इथे आहेस होय! सगळं कॉलेज पालथं घातलं!”

ताई होती. पदराने घाम पुसत, लेकीला हाताला धरून.

“घरात नुसता धुरळा चाललाय रे. तुझे भावजी म्हणतात, नावापुढे इंजिनियर लागलं की चार लोकांत मान. जन्मभर दुसऱ्याचे कपडे शिवले, आता एवढी हौस पुरवा म्हणतात. आणि ही म्हणते सायन्सच. आज संध्याकाळपर्यंत तिकडे कागद दिले नाहीत तर जागा गेली. मी म्हटलं, भांडू नका, मामाला विचारू. तो म्हणेल ती पूर्व दिशा.”

“मामा, तूच सांग ना हिला,” भाची हसत म्हणाली. मामाचं उत्तर तिला ठाऊकच होतं.

सर बोलायला गेले आणि त्यांना विभागप्रमुख दिसले. शेजारच्या टेबलाशी उभे होते, भुवई वर करून. घरी बायको, अर्धवट बांधलेलं घर, आणि या वयात दुसरीकडे कोण दारात उभं करणार? मोह झाला म्हणावं तर तसंही नाही. भीती वाटली. स्वच्छ, साधी, लाज वाटावी अशी भीती.

“इंजिनियरिंग घे,” ते म्हणाले.

भाचीचं हसू तिथेच राहिलं. “पण मामा, मला ते सर्किट-बिर्किट...”

“अगं, सायन्सवाल्यांना अर्धंच मिळतं. तुला हवं ते इथे आहेच, वर हे जास्तीचं.”

“ती मशीनला कधीच न सुटणारी कोडीसुद्धा? तू म्हणायचास ती?”

“सगळं. मी आहे ना.”

तिने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. एखाद्या परक्याने सांगितलं असतं तर तिने दहा प्रश्न विचारले असते. “मग झालं,” ती म्हणाली आणि पिशवीतून कागद काढायला लागली.

“बघ, घरचा माणूस असला की कसं चुटकीसरशी होतं!” ताई म्हणाली. विभागप्रमुखांनी स्वतः खुर्ची आणून दिली, थंड मागवलं. “भाची? वा! अहो, आधी बोलायचं नाही का?” सरांनी आपलं थंड ताईपुढे सरकवलं.

वर्ग भरला, सरांची नोकरी टिकली. भाची पहिल्या बाकावर बसायची. वर्गात मामा म्हणायचं नाही, हे तिचं तिनेच ठरवलं होतं. सर्किटच्या वायरींना डाग देताना बोटं भाजली तरी कुरकुर केली नाही. ताई भेटेल त्याला सांगत सुटली होती, “मामाने पोरीचं सोनं केलं.”

एकदा मशीनचा वेग कसा वाढवायचा ते सर शिकवत होते. पहिल्या बाकावरून हात वर झाला.

“सर, वेग कितीही वाढवला तरी काही प्रश्न मशीनला कधीच सुटणार नाहीत, ते का?”

सरांनी खडू खाली ठेवला. याच प्रश्नापायी सर तरुणपणी रात्ररात्र जागले होते. पण ते तासाभरात सांगण्यासारखं नव्हतं. त्याला पाया लागतो, आणि तो पाया इथे कुणी घालत नव्हतं.

“परीक्षेला आहे का, सर?” मागून कोणीतरी विचारलं. वर्ग हसला.

“ते आपल्याला नाही,” सर म्हणाले.

“पुढच्या वर्षी?”

“नाही.”

“मग कुठे शिकवतात, सर?”

खोटं बोलायला आता काही उरलंच नव्हतं. “समोर,” सर म्हणाले. “सायन्सला.”

ती उभीच राहिली. तिने आरडाओरडा करावा, ‘मामा, तू असं का केलंस’ म्हणून चारचौघांत फाडून खावं, असं सरांना मनापासून वाटलं. त्यांना ते सोसलं असतं.

“थँक्यू, सर,” ती म्हणाली आणि खाली बसली.

तिने बाक बदलला नाही. ताईकडे गेलं की पाणी आणून देते, मामीची चौकशी करते, आणि घरीसुद्धा आता ‘तुम्ही’ म्हणते. “मोठी झाली हो पोरगी, वळण लागलं,” ताईला त्याचंही कौतुक.

तास संपताना सर विचारतात, “काही शंका?” विचारतात सगळ्या वर्गाला, पण बघतात पहिल्या बाकाकडे. ती आदबीने मान हलवते आणि वही पुढे करते. काढलेलं सर्किट अगदी बिनचूक असतं. सर खाली सही करतात.