साहेब राखीव खेळाडू असतात तेव्हा

अग्नी, चाक आणि शून्य हे शोध आपापल्या जागी ठीक आहेत, पण मानवजातीला खऱ्या अर्थानं वळण लावलं ते शिट्टीनं, असं निशिकांतचं ठाम मत होतं. हे मत त्यानं सिंगापुरात, क्वीन्सटाउनच्या आपल्या फ्लॅटमध्ये, रेफरीचा काळा शर्ट चढवून, उभ्यानं मांडलं. बायको, मैत्रेयी, कुकरपाशी होती.

"तीन झाल्या," ती म्हणाली. "वळण लागलं असेल तर गॅस बंद कर."

निशिकांतनं गॅस बंद केला. बंद करणं हा तसा त्याचा पेशाच. जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये तो सेफ्टी बघायचा. परमिटशिवाय कुणी शिडीवर चढला की थांबव, एकाच हातात मोजा दिसला की थांबव. दहा वर्षं असं सुटं सुटं थांबवल्यावर त्याला कुणीतरी सांगितलं, की बावीस माणसांना एका फुंकरीत थांबवायची सोय फुटबॉलमध्ये आहे. तो लगेच रेफरीचा कोर्स करून आला.

पण या फुटबॉलवाल्यांचं एक विचित्र असतं. चूक डोळ्यांदेखत घडली तरी कधी कधी थांबवायचं नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच पायात चेंडू असला, तो गोलकडे सुटला असला, तर शिट्टी फुंकून त्याचंच नुकसान कशाला? दोन्ही हात पुढे पसरायचे, खेळ चालू द्यायचा, आणि चुकणाऱ्याला कार्ड दाखवायचं ते खेळ थांबल्यावर. याला ॲडव्हान्टेज म्हणतात. निशिकांतला हे पाठ होतं, पण पटत नव्हतं. "म्हणजे आधी टाकी फुटू दे, मग बघू!" असं तो चडफडायचा.

याच ॲडव्हान्टेजवर तो वरच्या वर्गाच्या परीक्षेत दोनदा आपटला होता. परीक्षक मिस्टर तान हे निवृत्त पीटी मास्तर. मागच्या वेळी ते हळुवारपणे, वाक्याशेवटी तिथला लाडका 'ला' जोडून म्हणाले होते, "मिस्टर निशिकांत, तुम्ही नव्वद मिनिटांत सत्त्याण्णव शिट्ट्या वाजवल्या. ते बिचारे खेळणार कधी, ला?"

आजची तिसरी संधी शेवटची होती. आज हुकली की जन्मभर दहा वर्षांच्या पोरांचे सामने.

"आणि त्यांच्या आयांचे," मैत्रेयीनं भर घातली. "आज एकदा, फक्त एकदाच गप्प राहा. घरी नाही जमलं, मैदानावर तरी जमव."

शनिवार दुपारचा सामना बेटावरच्याच दोन कंपन्यांचा होता, आणि त्यातली एक निशिकांतची. तरी समोरच्यांनी हरकत घेतली नाही. हा गृहस्थ आपल्या माणसांना दुप्पट थांबवतो, हे अख्ख्या बेटाला ठाऊक होतं.

निशिकांतच्या प्लांटचे मॅनेजर हेमचंद्र साहेब राखीव खेळाडूंत होते. वय चोपन्न. यादी त्यांनी स्वतःच केली होती. त्यांना आत पाठवायची हिंमत प्रशिक्षकाला होईना आणि बसा म्हणायचीही होईना, त्यामुळे साहेब पहिल्या मिनिटापासून अंगावर केशरी बिब, म्हणजे राखीवांची बंडी, घालून आपल्याच गोलमागे अंग गरम करत होते. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत ते चांगलेच तापले होते.

बरोबरी होती, एक-एक. तोवर निशिकांतनं एकसष्ट शिट्ट्या वाजवल्या होत्या आणि ॲडव्हान्टेज एकदाही दिला नव्हता. मिस्टर तान वहीत काहीतरी लिहीत होते आणि मान हलवत होते. शिट्टी निशिकांतच्या दातांतच होती. गळ्यात दोरी तो कधी घालत नसे; फिरत्या यंत्राजवळ गळ्यात दोरी म्हणजे अपघाताला निमंत्रण.

तेवढ्यात समोरच्या संघाच्या पोऱ्यानं गोलकीपरला चकवलं आणि चेंडू रिकाम्या गोलकडे ढकलला. चेंडू निघाला तोही सरकारी फाईलच्या गतीनं. जवळपास कुणी नाही.

हेमचंद्र साहेब दर सोमवारी सकाळी प्लांटवर सगळ्यांना उभं करून सांगायचे, "धोका दिसला की हुद्दा बघू नका, कुणाची वाट बघू नका. धावा आणि थांबवा!" बोलतात तसं वागणारे साहेब जगात कमी. हे साहेब धावले. गोलमागून वळसा घेऊन थेट मैदानात, चेंडूवर.

राखीव खेळाडू, परवानगीशिवाय, आत! निशिकांतचा श्वास भरला, गाल फुगले. आता शिट्टी वाजणार, हे मैदानावर सगळ्यांना कळलं. पण साहेब समोरून येताहेत असं दिसताच, वर्षानुवर्षं रोज पावणेआठला प्लांटच्या गेटवर जे आपोआप व्हायचं तेच झालं. तोंड उघडलं.

"गुड मॉर्निंग, सर!"

संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. शिट्टी दातांतून सुटली आणि गवताकडे निघाली. ती पकडायला निशिकांतचे दोन्ही हात पुढे पसरले.

साहेबही सवयीचे गुलाम. त्यांनी धावता धावता हात वर केला, "मॉर्निंग, मॉर्निंग!" म्हणाले, आणि त्या नादात पाय अर्धी वीत मागे पडला. चेंडू त्यांच्या अंगठ्याला चाटून जाळ्यात गेला. साहेब त्याच्या मागोमाग गेले.

आता नियम असा, की बाहेरच्या माणसानं असा आत घुसून चेंडूला पाय लावला, पण बचाव करणाऱ्या कुणाला अडवलं नाही आणि चेंडू तरीही जाळ्यात गेला, तर गोल कायम. घुसणाऱ्याला पिवळं कार्ड. हे निशिकांतला झोपेतही म्हणता आलं असतं. त्यानं गोल दिला. मग खिशातल्या कार्डाला हात लावत तो जाळ्याकडे निघाला. कार्ड दाखवलं नाही तर वरच्या वर्गाच्या रेफरीचा बिल्ला गेला.

"सर, कार्ड द्यावं लागेल."

"मला?" साहेब जाळ्यातून म्हणाले. "अरे, मी तर थांबवत होतो!"

"परमिट नव्हतं, सर."

साहेब विचारात पडले. "कुणाचं लागतं?"

"माझं."

"हं. नाही घेतलं खरं." त्यांनी सुस्कारा सोडला. "दे मग. पण नाव नीट लिही."

सामना दोन-एकनं संपला. मिस्टर तान स्वतः चालत आले.

"ब्यूटिफुल!" ते म्हणाले. "एवढ्या मोठ्या मोहात तुम्ही शिट्टी तोंडातून काढून टाकलीत! हात असे पसरलेत! तीस वर्षांत असा संयम पाहिला नाही, ला. पास."

निशिकांत प्रामाणिक माणूस. "मिस्टर तान, खरं सांगायचं तर..."

"आता वाजवू नकोस," सामना बघायला आलेली मैत्रेयी पाण्याची बाटली त्याच्या हातात देत मराठीत पुटपुटली. "चालू दे."

निशिकांतनं बाटली तोंडाला लावली आणि आयुष्यातला पहिला ॲडव्हान्टेज दिला.

"निशिकांत!" बाकावरून साहेबांची हाक आली. बिल्लाधारी रेफरी निशिकांत ताठ मानेनं साहेबांसमोर जाऊन उभा राहिला.

साहेबांनी त्याला आपादमस्तक पाहिलं. "नियम म्हणजे नियम. मला अभिमान वाटला."

"थँक यू, सर."

"आता जरा खाली बस. पाय सुजलाय, बूट निघत नाहीये. टाचेकडून ओढ. हळू."