शनिवारची फाईल

"अण्णा, भट्टी तापली. आता लोखंड काय बादलीत ओतून ठेवायचं?"

विश्वजित मालक खुर्चीच्या मागंच उभा होता. शिवकुमारनं मान वळवली नाही. पडद्यावर तिसऱ्यांदा तीच ओळ आली होती: जोडणी नाकारली.

"पाच मिन्टं, दादा."

"मघाशी बी पाचच म्हणालासा. ह्ये फुकटातलं लिनक्स लई म्हाग पडाय लागलंय."

मालक गेला. शिवकुमारनं घाम पुसला.

शिरोली एमआयडीसीत लाईट जाते आणि येते, त्यात नवल नाही. त्या दिवशी सकाळी ती येताना मात्र काहीतरी उसवून आली होती. या फौंड्रीची सगळी ड्रॉइंग एका डब्यात असायची. डबा स्टोअरच्या खोलीत स्टुलावर, वर धुळीचा रुमाल. त्यालाच सगळे सर्व्हर म्हणायचे. ऑफिसात शिवकुमारच्या, पॅटर्नशॉपमध्ये सुतारांच्या, सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर 'ड्रॉइंग' नावाचं एक फोल्डर होतं. ते नुसतं दार. सर्व्हरला जोडलेलं असलं की दारातून त्या डब्यातला माल दिसायचा. जोडलेलं नसलं तरी दार दिसायला तसंच. फक्त पलीकडं आपल्याच मशीनची रिकामी खोली.

बिनपरवान्याचं सॉफ्टवेअर वापरता म्हणून दोन वर्षांपूर्वी नोटीस आली, मालकाची तंतरली, आणि आयटीआय झालेल्या शिवकुमारनं व्हिडिओ बघून बघून अख्ख्या फौंड्रीत लिनक्स बसवलं. तेव्हापासून तो ड्रॉइंग काढणाऱ्या ड्राफ्ट्समनचा 'कॉम्प्युटरवाले अण्णा' झाला. कसबा बावड्यात त्याच्या गल्लीतली माणसं बिघडलेले मोबाईलसुद्धा त्याच्याकडं आणायची. मान मिळाला की माणूस त्याला चिकटतो, शिवकुमार तर डिंकासारखा चिकटला होता.

त्यानं सर्व्हरच्या पत्त्याला हाक मारून बघितली. उत्तर आलं. म्हणजे कुणीतरी जागं होतं. पासवर्ड बरोबर होता, ओळ बरोबर होती, तरी दार उघडत नव्हतं. शेवटी तो उठून स्टोअरात गेला, डब्याला पडदा जोडला आणि बघतो तर काय, डब्याचा पत्ताच बदललेला. लाईट आल्यावर राउटरनं पत्ते नव्यानं वाटले होते आणि सर्व्हरचा जुना पत्ता गेला होता गेटवरच्या हजेरीच्या मशीनला. अर्धा तास तो अंगठे घेणाऱ्या मशीनकडं ड्रॉइंगं मागत बसला होता.

त्याला हसू आलं. जागेवर येऊन त्यानं जुनी अर्धवट जोडणी तोडली, नवा पत्ता लिहिला. आणि जोडायच्या आधी सवयीनं, रिकामं आहे ना बघायला म्हणून, फोल्डर उघडलं.

रिकामं नव्हतं.

आत एक फाईल होती. बेअरिंग हाऊसिंग. दुरुस्ती तीन. शनिवार, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं.

शिवकुमारनं तारीख पुन्हा वाचली.

"मिळालं काय?" शेजारच्या टेबलावरून कालिंदी उठून आली. ती डिस्पॅच बघायची, माल न्यायची गाडी खोळंबली होती. तिनं पडद्याकडं बघितलं. बघतच राहिली. ती फाईल आणि तो शनिवार त्या ऑफिसात न ओळखणारं कुणी नव्हतं.

"ह्ये आकारामतात्यांचं न्हवं?" ती म्हणाली.

त्यानं जोडणीची आज्ञा दिली. क्षणात फोल्डर भरलं, हजारभर ड्रॉइंगं आली आणि शनिवारची फाईल त्यांच्याखाली गडप झाली.

"मिळालं," तो म्हणाला. "भट्टीवर सांगा."

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. पुण्याच्या गिऱ्हाइकानं एकशेचाळीस हाऊसिंग, बेअरिंग बसवायची ती लोखंडी घरं, परत पाठवली. बोल्टची भोकं सहा मिलिमीटरनं सरकलेली. साचा ज्यावरून पडतो तो लाकडी पॅटर्न केला होता आकारामतात्यानं. एकतीस वर्षं मुरलेला पॅटर्नमेकर, लाकडावर हात असा की रंधा मारताना तो गप्पा मारायचा आणि माप चुकायचं नाही. मालकाच्या केबिनमध्ये त्याला उभा केला.

"फोल्डरमधी जुनंच ड्रॉइंग हुतं, दादा. सोमवारी सकाळी मी सोता काढलो त्येचा कागद."

"शिवअण्णा?" मालकानं विचारलं.

शिवकुमारनं कागद पुढं केला. त्यानं स्वतः एक बटण बनवलं होतं. ते दाबलं की ड्रॉइंग आपोआप सर्व्हरच्या फोल्डरात जायचं आणि कॉम्प्युटरमधल्या वहीत नोंद व्हायची. त्या बटणाचा त्याला भारी गर्व. कागदावर लिहिलं होतं: शनिवार, ११:४२, झालं.

"झालं म्हंजे झालं, दादा. मशीन खोटं बोलत न्हाय. कुणीतरी पॅटर्नशॉपमधनं जुनी फाईल त्यावर टाकली असंल."

आकाराम त्याच्याकडं वळला. "शिवाण्णा, खरं सांगा. मला फाईल टाकायला तरी येती काय? कागद काढायचा तुमीच शिकवलासा, तेवढं एकच बटण मला ठावं हाय."

शिवकुमारनं मालकाकडं बघितलं. आकारामकडं नाही.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर ही नुसती मशीनच्या चुकीची कथा होईल. केबिनमध्ये जायच्या आधी शिवकुमारनं फोल्डरातल्या जुन्या फाईलची तारीख बघितली होती. कुणी सोमवारी टाकली असती तर तारीख सोमवारची असती. तारीख होती दीड वर्षापूर्वीची. म्हणजे तिला कुणी हातच लावला नव्हता. म्हणजे नवी फाईल तिथं कधी पोचलीच नव्हती. हे त्याला त्या क्षणी कळलं होतं. पुरतं नाही, पण दातात अडकलेल्या सुपारीसारखं कळलं होतं. त्यानं जीभ तिकडं जाऊ दिली नाही. घाईघाईनं नवी फाईल परत टाकली आणि केबिनमध्ये गेला.

आणि फाईल पोचली नव्हती ती का? तर मालक एकदा ओरडला होता की कॉम्प्युटर चालू व्हायला वेळ लावतो, सर्व्हरची वाट बघत बसतो. म्हणून शिवकुमारनं जोडणीच्या ओळीत एक शब्द घातला होता. त्या शब्दाचा अर्थ: दार जोडलं गेलं नाही तरी बोलू नकोस, गप पुढं जा. त्या शनिवारीही लाईट गेली होती. सर्व्हर उठायच्या आधी त्याचं मशीन उठलं आणि सांगितल्याप्रमाणं गप राहिलं. बटणानं फाईल रिकाम्या खोलीत ठेवली आणि म्हणालं, झालं.

आकारामला काढला. नुसता काढला असता तर निराळं. गेटच्या आत, चहाच्या टपरीला लागून, फौंड्रीचा लाल फळा होता. चार रकाने: चूक, कोणाची, कारण, उपाय. गिऱ्हाइकाचे साहेब येतात, त्यांना दाखवायला. त्यावर कालिंदीच्या वळणदार अक्षरात लिहिलं गेलं: हाऊसिंगचा पॅटर्न चुकीचा. आकाराम. जुन्या कागदावर काम. कामावरून कमी. बाकीच्या ओळी महिन्याला बदलायच्या. ही मोठी होती म्हणून ठेवली होती. चार महिने शिवकुमार त्या फळ्याकडं पाठ करून चहा पीत होता.

फाईल सापडली त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं गाडीला किक मारली आणि शिवाजी पेठ गाठली.

आकारामच्या घराला लागून पत्र्याची शेड होती. आत फुटबॉलच्या ढालींखालचे आणि कपांखालचे लाकडी ठोकळे ओळीनं मांडले होते. स्पर्धा तोंडावर आली होती, पेठेतल्या तालमींच्या संघांचं काम होतं. आकाराम एका ठोकळ्याची कड घासत होता.

"या पावणं," तो म्हणाला.

चार महिन्यांपूर्वी हाच माणूस त्याला शिवाण्णा म्हणायचा.

"तात्या, बरं हाय न्हवं?"

"हाय की. सागवान न्हाय, पण चालतंय. कपाखाली कोण बघतंय." त्यानं आतल्या बाजूला हाक दिली. "अगं, च्या टाक. फौंड्रीतलं सायेब आल्यात."

त्याची बायको चिमणाबाई दारात आली, बघितलं, पदर सारखा केला. "साखर किती घेतासा? आमच्यात आलासा न्हाईसा कधी, म्हाईत न्हाय." आणि उत्तराची वाट न बघता आत गेली.

शिवकुमारनं सगळं सांगितलं. डबा, दार, रिकामी खोली, तो शब्द. आकाराम घासत होता. मध्येच त्यानं भिंतीवरची एक पितळी पट्टी काढून कडेला लावली. पॅटर्नमेकरची पट्टी ती. लोखंड थंड होताना आकसतं म्हणून तिच्यावरचे सेंटिमीटर मुळातच जरा मोठे आखलेले असतात. ट्रॉफीच्या ठोकळ्याला तिची काही गरज नव्हती.

"म्हंजे माझं खरं हुतं," आकाराम म्हणाला.

"खरं हुतं, तात्या."

"ते मला ठावंच हुतं. तुमास्नी कवा कळलं?"

"आज सकाळी."

आकारामनं घासणं थांबवलं. पहिल्यांदाच वर बघितलं. तेवढंच.

"तवाच," शिवकुमार म्हणाला. "तारीख बघिटलो हुतो मी. तवाच वाईच कळलं हुतं."

आत भांडं आपटल्याचा आवाज आला. चहा काही बाहेर आला नाही.

"मालकास्नी सांगिटलासा?"

"अजून न्हाय."

"मग माझ्याकडं कशाला आलासा?" आवाज चढला नव्हता. "मला ठावं हाय ते मलाच सांगून काय उपेग? मी माफ करणार, तुमी डोळं पुसणार, च्या पिऊन जाणार. ह्यो सोपा रस्ता झाला, सायेब."

शिवकुमार खाली बघत राहिला. पायाशी लाकडाचा भुसा होता.

"परत कामावर या म्हणून मी दादास्नी..."

"कामाचं ऱ्हाऊ दे. आमची पोरगी शिरोलीलाच दिलीया. जावई त्याच गेटात ट्रक घालतोय. त्या फळ्याम्होरं थांबून गेटपास घ्यावा लागतोय त्येला. चार म्हैने वाचतोय सासऱ्याचं नाव. घरी येऊन एक शबुद बोलत न्हाय, चांगला हाय म्हणून." त्यानं पट्टी परत खिळ्याला अडकवली. "जावा आता. भोंगा व्हईल."

दुपारी शिवकुमार केबिनमध्ये गेला. मालकानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. खुर्चीत मागं रेलला.

"आणि कुणाला म्हाईत हाय?"

"कालिंदीनं बघितलंय. तात्यास्नी सांगून आलोय."

"शाणं हाईसा." मालकानं डोळे चोळले. "अण्णा, गिऱ्हाइकाला रिपोर्ट गेलाय. माणसाची चूक, माणूस काढला, विषय बंद. आता काय कळवायचं, आमच्या कॉम्प्युटरलाच भरवसा न्हाय म्हणून? उद्या ऑर्डर बंद झाली तर तीनशे घरं हाईत हितं. ती फाईल पुसा. आकारामला दिवाळीला मी बघतो कायतरी."

"आणि फळा, दादा?"

"फळ्याचं काय? म्हैनाभरानं पुसू की. तुमी जागेवर बसा."

तो जागेवर बसला. घाबरट माणसाला बस म्हटलं की बसायची सवय असते. त्यानं पुन्हा जोडणी तोडली, खालची खोली उघडली. शनिवारची फाईल होती तिथंच होती. एक आज्ञा, आणि ती कधी नव्हतीच. त्यानं आज्ञा लिहिलीसुद्धा. बोट एन्टरवर ठेवलं.

कालिंदी आपल्या वहीत बघत म्हणाली, "ते फळ्यावरचं माझं अक्षर हाय, अण्णा. मला बी रोज दिसतंय ते."

एवढंच. थोड्या वेळानं तिनं ड्रॉवर उघडला आणि पांढरा ऑइल मार्कर टेबलाच्या कडेला ठेवला.

शिवकुमारनं लिहिलेली आज्ञा एकेक अक्षर मागं घेतली. जोडणीच्या ओळीतला तो गप राहायचा शब्द काढून टाकला. दार पुन्हा जोडलं. मग मार्कर उचलला, पेंटशॉपमधून चिंधीवर रंग पुसायचं थिनर घेतलं आणि गेटकडं निघाला.

चारच्या चहाची वेळ. टपरीवर वीसेक माणसं उभी होती. साचे भरणारे मोल्डर, ओतीव माल घासणारे फेटलर, दोन ट्रकवाले. त्यांच्यात आकारामचा जावई आहे का, हे बघणं त्याच्यानं झालं नाही. त्यानं फळ्यावर चिंधी घासायला सुरुवात केली. ऑइलचा मार्कर, सहज जाईना. आधी 'राम' गेला, मग 'आका', मग दोन्हीकडचे रकाने. गप्पा बंद पडत गेल्या. कुणीतरी कप तोंडाशी नेला होता तो तसाच धरून राहिला.

"अण्णा, नवीन कोण?" एक मोल्डर हसत म्हणाला. कुणी हसलं नाही, मग तोही चहाकडं वळला.

शिवकुमारचं अक्षर कालिंदीसारखं नव्हतं. ड्राफ्ट्समनचं उभं, ताठ अक्षर; आज ते वाकडं येत होतं. पहिल्या रकान्यात त्यानं लिहिलं: ड्रॉइंग पोचलं नाही. दुसऱ्यात: शिवकुमार. तिसऱ्यात जागा पुरेना, म्हणून बारीक लिहिलं: माहीत असून बोललो नाही.

चौथा रकाना उपायाचा. तिथलं 'कामावरून कमी' तसंच होतं. त्यानं तेही पुसलं आणि मार्कर टेकवला. काही सुचलं नाही. मार्करच्या टोकाशी रंगाचा एक थेंब जमा झाला आणि फळ्यावरून ओघळत खाली गेला.

वर केबिनच्या काचेत मालक उभा होता. भोंगा झाला. माणसं कप विसळून, एकेक करून, फळ्यासमोरून आत गेली. प्रत्येकानं वाचलं. शिवकुमार बाजूला सरकला नाही. चिंधी हातात धरून, शेवटचा माणूस जाईपर्यंत तिथंच उभा राहिला.