गेंदाचं बाळंतपण

गेंदा बाळंत झाली की नाही, एवढंच सगळ्या विचारत होत्या. आणि वृषालीला गेंदा पुस्तकात सापडत नव्हती.

अकोल्यात मुबारकबींच्या पडवीत रोज आठ-नऊ जणी विड्या वळायला बसतात. मोबाईलवर गाणी लावून पाहिली होती, पण हात गाण्यामागे पळतात आणि विडी सैल होते. त्यापेक्षा एकीने पुस्तक वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. वाचणारीच्या सुपात प्रत्येकीने आपल्यातल्या मूठभर विड्या टाकायच्या, म्हणजे तिचाही दिवस भरतो. ही रीत गोजरबाईंनी पाडली आणि बारा वर्षं त्यांनीच वाचलं. दिवाळीनंतर त्यांचे गुडघे धरले, लेक त्यांना राजूरला घेऊन गेला आणि वाचन वृषालीकडे आलं. ती लग्न होऊन आलेली, बारावी झालेली. तिची बोटं अजून विडीच्या पानाला सरावली नव्हती, निम्म्या विड्या कारखान्यातून परत यायच्या. पडवीत तिला जागा होती ती आवाजाच्या जोरावर.

वाचन चाललं होतं 'सोनवडीची माणसं' या कादंबरीचं. आठ भाग, वाचनालयातून एकेक आणायचा. सहा गोजरबाईंचे वाचून झाले होते, वृषालीने सातवा उघडला. पाटलांची भाऊबंदकी, कालव्याचं पाणी, निवडणूक. तिसऱ्या दिवशी पडवीतल्या थोरल्या आक्काबाईंनी पान कातरायची कात्री थांबवली आणि गेंदाचं काय झालं म्हणून विचारलं.

कोण गेंदा, असं वृषालीने म्हणताच सगळ्या एकदम बोलू लागल्या. गेंदा म्हणजे पाटलांकडे वाढलेली पोरकी भाची. तिने विहिरीवरच्या गवंड्याशी लग्न केलं. ती सासूला उलट बोलत नाही, ओवी म्हणते, आणि सासूला रात्रभर झोप लागत नाही. आता नववा भरलाय, बाळंतपणाला मावशीकडे गेलीय. मुबारकबींच्या सुनेने, सुमैराने, तिच्या बाळासाठी झबलं शिवलं होतं. थट्टेत शिवलं होतं, पण काजं-गुंड्या करून शिवलं होतं.

पुढे येईल, म्हणून वृषालीने वेळ मारून नेली. आठवडा गेला, दुसरा गेला. निवडणूक होऊन पाटील पडलासुद्धा, गेंदाचं नाव नाही.

"तू पानं गाळतीस," आक्काबाई म्हणाल्या. "सातवा महिना न्हाई तिचा, नववा हाय. इतके दिस कुनी थांबतं व्हय? उरकायची घाई लागलीय तुला."

वृषाली म्हणाली, एक ओळ गाळत नाही. पण त्या दिवशी तिच्या सुपात विड्या टाकताना हात आखडले. पुढच्या सोमवारपर्यंत गेंदा आली नाही तर विड्या वळणाऱ्यांतल्याच पंकजाला वाचायला बसवू, असं ठरलं. वृषाली सुपाकडे बघत राहिली. वाचन गेलं तर या पडवीत तिचं काय उरणार होतं?

तिने वाचनालयातून आधीचे सहाही भाग आणले. भाजी चिरताना, दळणाला नंबर लावून बसताना ती पानं चाळत राहिली. गेंदा सापडली ती दुसऱ्या भागात. लग्नघर, मांडव, धावपळ. पाटलीण म्हणते, गेंदे, कळशी भरून आण. गेंदा कळशी कमरेवर घेते आणि दारातून बाहेर पडते.

बस्स. चार भाग पुढे गेले, पण त्या दारातून ती परत आत आली नाही. गवंडी नाही, सासू नाही, आणि आठशे पानांत ओवी तर एकही नाही.

बाजाराच्या दिवशी वृषाली जीपने राजूरला गेली. गोजरबाई अंगणात उन्हाला पाय पसरून वाल निवडत होत्या. वृषालीने दुसरा भाग त्यांच्यापुढे धरला, ते पान उघडून. त्यांनी न बघताच तो मिटला.

"मुबारकनी इचारलं, पोरगी पान्याला गेल्ती ती आली का? मी पान उलटलं, फुडलं उलटलं. न्हाई आली. म्हनलं, लिहिनारा इसरला, आपन कसं इसरायचं? म्हनून सांगितलं, आली."

एवढंच म्हणायचं होतं त्यांना. पण दुसऱ्या दिवशी बायकांनी विचारलं, एवढा उशीर का झाला? मग विहिरीवर गवंडी आला. मग लग्न आलं. ओव्या गोजरबाईंच्या स्वतःच्याच, जात्यावरच्या. त्यांनी गुडघ्यावर हात फिरवत एक म्हणूनही दाखवली:

भरली कळशी गं, पाणी लागलं डुलाया
कुनी आलं न्हाई बाई, मला घरी बोलवाया

"मुलगा होणार होता की मुलगी?" वृषालीने विचारलं. ती स्वतःच चमकली, कारण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ठरवलंच न्हवतं. ठरवायच्या आदी गुडघं गेलं." गोजरबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "तू कर की बाळंत तिला."

मला जमणार नाही, वृषाली म्हणाली. खोटं सांगायला घेतलं तर तोंडावरच दिसेल. मग खरं सांगू का? सगळ्या तुम्हाला खोटारडी म्हणतील. गोजरबाईंनी वालातला एक खडा उचलून लांब फेकला. "तुला पेलंल ते कर," म्हणाल्या. परतीच्या जीपमध्ये वृषालीला तेच वाक्य सोबतीला होतं.

सोमवारी कात्र्या आधीच थांबल्या होत्या. पंकजा भिंतीशी बसली होती, घसा खाकरून तयार. वृषालीने सातवा भाग उघडला नाही.

"पुस्तकात गेंदा नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या भागात पाण्याला गेली, तेव्हापासून नाही. पुढचं गोजरमावशी सांगत होत्या. आपल्या मनाने."

तिने दुसरा भाग ते पान उघडून सुमैराकडे दिला. सुमैराने मोठ्याने वाचलं, सासूला दोनदा वाचून दाखवलं.  वृषालीला वाटलं, आता गोजरबाईंचं नाव मातीत गेलं आणि आपली जागाही.

"चार वर्सं," आक्काबाई हळूच म्हणाल्या. "चार वर्सं त्या गोजरीनी आमाला..." आणि त्यांना हसूच आलं. हसता हसता पदर डोळ्याला लागला.

मुबारकबी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारपूर्वक विडीचं एक पान कातरलं.

"म्हंजे लिहिनाऱ्याला तिचा पत्ताच न्हाई," त्या म्हणाल्या. "आपल्याला हाय. मावशीच्या घरी हाय ती. मग आक्का, नववा सरला, कळा कवा लागल्या तिला?"

आक्काबाईंनी उभ्या आयुष्यात साठ-सत्तर बाळंतपणं केलेली. त्या सुपावर वाकल्या. पहिलटकरीण हाय, म्हणाल्या, पहाटं लागल्या आसतील. सुमैरा म्हणाली, मावशीकडे कुणी पुरुषमाणूस नाही, गाडी कोण आणील? पंकजा भिंत सोडून पुढे सरकली.

वृषालीने पुस्तक बाजूला ठेवलं, सूप मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "थांबा, नीट सांगा. आक्का, पाणी आधी तापवायला कुणी ठेवलं?"